परदेशात अडचणीत सापडलेल्यांसाठी भारतीय दूतावासाची सेवा : दापोली तालुक्यातून केलेले परीक्षण

दापोली, मंडणगड, खेड, गुहागर, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात आखातात कोणीच गेलेले नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. कुवेत, सौदी अरेबिया, ओमान, कतार, बहरीन आणि अमिरातीत इथली माणसे ड्रायव्हर, वेल्डर, स्वयंपाकी, दुकानातले हिशेबनीस अशी कामे करतात. काही जण व्यापारी जहाजांवर असतात. या घरांवर सर्वांत कठीण प्रसंग येतो तेव्हा ज्या सरकारी सेवेशिवाय गत्यंतर नसते, ती म्हणजे भारतीय दूतावास आणि वाणिज्य दूतावास (कॉन्सुलेट) यांच्याकडून अडचणीतल्या नागरिकांना मिळणारी मदत. आखातातील एका भारतीय दूतावासाच्या कामगार विभागात मी अनुवादक म्हणून नोकरी केली आणि आता हर्णैला राहून आसपासच्या गावांतल्या कुटुंबांना अर्ज लिहून देतो, त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजूंना काय घडते हे मला जवळून पाहता आले. इथल्या वाचकाला प्रत्यक्ष उपयोग व्हावा एवढ्याच हेतूने हे परीक्षण लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. कागदपत्रे तयार करणे, स्थानिक कार्यालयांत पाठपुरावा करणे आणि निराधार झालेल्या माणसाला परत पाठवणे या कामांत ही सेवा भरवशाची आहे. घरच्यांना वेळेवर आणि खरे सांगण्याच्या बाबतीत ती अजून फार कमी पडते. दुसरा दोष पहिल्या गुणावर पाणी फिरवतो, कारण दूतावासाने चार महिने धावपळ केली तरी तिची माहिती मंडणगडच्या घरात पोहोचली नाही, तर त्या घरासाठी ते चार महिने निव्वळ शांततेचेच असतात.

दूतावासाच्या हातात नेमके काय आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते, आणि अर्ध्या तक्रारी तिथूनच जन्माला येतात. वाणिज्य दूतावासांच्या संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार १९६३ सालचा आहे. त्याच्या पाचव्या कलमात आपल्या नागरिकांना मदत करणे हे वाणिज्य अधिकाऱ्याचे काम म्हणून स्पष्ट लिहिले आहे, आणि त्याच कराराच्या पंचावन्नाव्या कलमात त्या देशाचे कायदे पाळणे व त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे हे बंधनही घातले आहे. म्हणून अधिकारी तुरुंगात जाऊन भेटू शकतो, वकिलाची व्यवस्था करू शकतो, मालकाला बोलावणे पाठवू शकतो, कामगार खात्याला पत्र लिहू शकतो. पण तो कोणाला तुरुंगातून सोडवून आणू शकत नाही, न्यायालयाचा निकाल बदलू शकत नाही आणि मालकाच्या खिशातून पगार काढू शकत नाही. मी पाहिलेल्या अधिकाऱ्यांपैकी ज्यांनी ही मर्यादा पहिल्याच भेटीत स्वच्छ शब्दांत सांगितली, त्यांच्याविषयी लोकांच्या मनात शेवटपर्यंत विश्वास टिकला, मग काम झालेले असो वा नसो. ज्यांनी “बघतो, करतो” म्हणून माणसाला परत पाठवले, त्यांच्या खिडकीसमोर तीच माणसे पुन्हा पुन्हा, दरवेळी जास्त खचलेली, उभी राहत.

कामगार विभागाची सकाळ कशी असते, हे वाचकाला कळले पाहिजे. सचिव दर्जाचा एखादा अधिकारी, त्याच्या हाताखाली एक-दोन भारतीय कर्मचारी, आणि बाकी आमच्यासारखे तिथेच नेमलेले अनुवादक व कारकून, एवढ्यावर लाखो भारतीयांचा देश सांभाळला जातो. दार उघडण्याआधीच बाहेर रांग असते. कोणाचा पासपोर्ट मालकाने काढून घेतलेला असतो, जे आखातातील बहुतेक देशांच्या कायद्यात बसत नाही आणि तरीही सर्रास घडते. कोणाचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपलेला असतो आणि नूतनीकरण मालकाने केलेले नसते, पण दंड मात्र कामगाराच्या नावावर चढत असतो. कोणी छळाला कंटाळून मालकाचे घर सोडलेले असते आणि तोवर मालकाने पळून गेल्याची तक्रार, ज्याला सौदीत हुरूब म्हणतात, नोंदवून टाकलेली असते. ती एकदा नोंदली गेली की तो माणूस पोलिसांच्या लेखी बेकायदा ठरतो आणि स्वतःच्या पगाराचा दावा करायला गेला तरी पकडला जाण्याची भीती असते. दुपारनंतर हेच अधिकारी कामगार न्यायालयात, हद्दपारी केंद्रात, इस्पितळात किंवा शवागारात जातात. या नोकरीला लागणारी सहनशक्ती मी मनापासून वाखाणतो. घरी बोलायला शब्द न सापडणाऱ्या माणसाचे म्हणणे शांतपणे ऐकून त्यातून तारीख, रक्कम आणि मालकाचे नाव अचूक टिपून घेणारा अधिकारी हा या सेवेचा खरा कणा आहे.

थकलेल्या पगाराच्या प्रकरणांत ही सेवा कसोटीला लागते. मालक पैसे देत नाही, कामगाराला घरी जायचे आहे, आणि दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. हा निधी २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्याचे नियम अधिक व्यापक करण्यात आले. त्यातून निराधार झालेल्या नागरिकाचे तात्पुरते राहणे-जेवण, परतीचे तिकीट, तातडीचा औषधोपचार, कायदेशीर मदत आणि पार्थिव पाठवण्याचा खर्च करता येतो. तिकीट मिळते, माणूस घरी येतो, आणि सहा-सात महिन्यांचा पगार मात्र तिकडेच राहतो. सौदी अरेबिया आणि कुवेतच्या कामगार कायद्यांत नोकरी संपल्यापासून एका वर्षाच्या आत दावा करावा लागतो. त्यामुळे विमानात बसण्यापूर्वी दावा नोंदवणे आणि तो पुढे चालवण्यासाठी कोणाला तरी मुखत्यारपत्र देणे या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर पगार कायमचा बुडाला असे समजावे. २०१६ मध्ये सौदी अरेबियातील मोठ्या बांधकाम कंपन्यांनी पगार थकवले आणि हजारो भारतीय कामगार छावण्यांत अडकले, तेव्हा दूतावासाने अन्नधान्य पोहोचवलेच, पण परतणाऱ्यांचे दावे नोंदवून घेण्याचेही काम केले. इतक्या मोठ्या प्रसंगात जी शिस्त पाळली गेली ती एकट्यादुकट्या कामगाराच्या बाबतीतही पाळली जावी, अशी माझी अपेक्षा आहे. तिकीट हातात ठेवताना अधिकाऱ्याने समोर बसवून “तू गेल्यावर तुझ्या पैशाचे काय होणार” हे त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. काही ठिकाणी हे कटाक्षाने होते. आखातातील एका दूतावासात मात्र खेड तालुक्यातल्या एका तरुणाला हे कोणीच सांगितले नाही. तो घरी पोहोचल्यावर माझ्याकडे आला, त्याच्याकडे कराराची प्रत होती, हजेरीचे फोटो होते, आणि मुखत्यारपत्र मात्र नव्हते. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या एका कागदावाचून अडला.

मृत्यूच्या प्रकरणांविषयी मी सविस्तर लिहितो, कारण तिथे कुटुंबाला काहीच सुचत नसते आणि निर्णय मात्र तासाभरात मागितले जातात. परदेशात मृत्यू झाला की दूतावास कुटुंबाकडून संमतिपत्र मागतो: अंत्यसंस्कार किंवा दफन तिथेच करायचे की पार्थिव भारतात आणायचे, आणि पुढची कार्यवाही कोणाच्या हाती सोपवायची. त्याशिवाय वैद्यकीय अहवाल किंवा मृत्यूचा दाखला, अपघाती वा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांचा अहवाल व त्याचे भाषांतर, पासपोर्ट, शवलेपनाचे प्रमाणपत्र, तिथल्या कार्यालयांच्या परवानग्या आणि दूतावासाचा ना-हरकत दाखला एवढी कागदपत्रे जमावी लागतात. भारतात पार्थिव उतरवण्याची आरोग्य खात्याची परवानगी २०२३ पासून ‘ई-केअर’ या ऑनलाइन व्यवस्थेतून मिळते, आणि त्यामुळे मुंबई विमानतळावरचा खोळंबा कमी झाला आहे. तिथून रुग्णवाहिका कशेडी उतरून रात्रीत गावी पोहोचू शकते. नैसर्गिक मृत्यू असेल आणि मालक सहकार्य करत असेल तर हे सगळे थोड्या दिवसांत पार पडते. पोलीस तपास सुरू असेल तर आठवडे लागतात, कधी महिने, आणि त्या काळात दूतावासाच्या हातात पाठपुराव्यापलीकडे काही नसते.

खर्चाचा प्रश्न वेगळा. सौदी कामगार कायद्यानुसार पार्थिव पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा असतो. तो करत नसेल, किंवा मृत व्यक्ती कोणाच्या नोकरीतच उरली नसेल, तर कल्याण निधीतून खर्च होऊ शकतो. शेजारच्या गावातल्या लोकांनी वर्गणी काढून पैसे पाठवण्यापूर्वी ही मागणी दूतावासाकडे लेखी करावी.

एक गोष्ट मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो आणि इथेही सांगतो. संमतिपत्रावर सही करताना त्यात थकबाकी, नुकसानभरपाई किंवा इतर कोणताही हक्क सोडून दिल्याचे वाक्य नाही ना, हे कोणाकडून तरी वाचून घ्यावे. दफनाची संमती आणि पैशाचा हक्क यांचा एकमेकांशी संबंध नसतो. अखेरचा पगार, सेवासमाप्तीची रक्कम, अपघात असेल तर नुकसानभरपाई, हे सगळे वारसांचे आहे, आणि ते मिळवण्यासाठी दूतावास पाठपुरावा करतो. अशी रक्कम अनेक प्रकरणांत जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत वारसांपर्यंत येते. इथे आपल्या बाजूची अडचण सुरू होते. पासपोर्टवर आडनाव नाही, आधारवर आहे. शिधापत्रिकेत पत्नीचे माहेरचे नाव राहिले आहे. विवाहनोंदणी झालेलीच नाही. आईचे नाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी लिहिलेले आहे. मग वारस दाखल्यासाठी तहसील कार्यालय आणि वारसा प्रमाणपत्रासाठी दिवाणी न्यायालय अशा फेऱ्या होतात. तिकडच्या न्यायालयाने मंजूर केलेली रक्कम इकडे कागदांच्या अभावी पडून राहते, हे पाहणे फार क्लेशदायक असते. दूतावासाच्या कामाला दोष देताना हा अर्धा भाग आपल्या तालुक्यात घडतो याचे भान ठेवले पाहिजे.

ज्यांचा पासपोर्ट ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ प्रकारचा आहे, म्हणजे ज्यांना ठरावीक अठरा देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते, आणि जे ती रीतसर घेऊन त्यांपैकी एखाद्या देशात गेले आहेत, त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण. ही पॉलिसी घरातल्या कोणाला ठाऊकच नसते. कोणी दगावल्यावर ट्रंकेतल्या कागदांत ती सापडते, आणि कित्येकदा मुदत संपलेली निघते.

तुरुंगातल्या माणसासाठी व्हिएन्ना कराराचे छत्तिसावे कलम आहे. अटक झालेल्याने मागणी केल्यास त्याच्या देशाच्या दूतावासाला विनाविलंब कळवणे, आणि अधिकाऱ्याला त्याची भेट घेऊ देणे, हे त्या देशाचे कर्तव्य ठरते. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी याच कलमाचा पाकिस्तानने भंग केल्याचा निकाल दिला, तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत या कलमाची चर्चा झाली. आखातातल्या रोजच्या प्रकरणांत ‘मागणी केल्यास’ हे शब्द महत्त्वाचे ठरतात. घाबरलेला माणूस दूतावासाला कळवू नका असे सांगतो, कारण बातमी गावात पोहोचेल अशी त्याला भीती वाटते. आणि मग दूतावासाला कळते ते घरच्यांनी शोध सुरू केल्यावर. म्हणून फोन बंद होऊन काही दिवस उलटले की कुटुंबाने संकोच न करता कळवावे. तुरुंगभेटीतून सुटका होत नाही, पण दुभाषा मिळाला का, आरोप काय आहे, औषधे मिळतात का, हे समजते, आणि तेवढ्याने घरातल्या माणसांना रात्री झोप लागते.

पासपोर्ट हरवणे ही सर्वांत सोपी बाब. पोलिसांत तक्रार, अर्ज, ओळख पटवणे, आणि परतीच्या एका प्रवासापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र. याबद्दल मला फारशी तक्रार नाही. जमिनीच्या वाटणीसाठी किंवा सातबाऱ्यावरील नोंदीसाठी लागणारे मुखत्यारपत्रही वाणिज्य अधिकाऱ्यासमोर व्यवस्थित होते. ते महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यायचे, एवढे लक्षात ठेवावे.

जहाजावरच्या माणसांची गोष्ट वेगळी असते. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले, पगार बंद, डिझेल संपत आलेले, आणि बंदर प्रशासन बदली माणूस आल्याशिवाय खलाशांना उतरू देत नाही, कारण जहाजावर किमान मनुष्यबळ राहावेच लागते. सागरी कामगार करार, २००६ भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार दोन महिने पगार थकला तर खलाशी सोडून दिला गेला असे मानता येते, आणि जहाजाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार, अन्न व परतीचा खर्च मागता येतो. इथे दूतावासाला बंदर प्रशासन, जहाजाचा ध्वज असलेला देश, विमा कंपनी आणि मुंबईतले नौवहन महासंचालनालय अशा चौघांशी एकाच वेळी बोलावे लागते. परवानाधारक भरती संस्थेमार्फत गेलेल्या खलाशासाठी हे जमते. दलालाला पैसे देऊन गेलेल्याचे नावसुद्धा कुठल्या नोंदीत सापडत नाही.

युद्ध आणि आपत्तीच्या काळात आपल्या दूतावासांनी केलेली कामगिरी सर्वांना ठाऊक आहे. १९९० मध्ये कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आले, त्यांत कोकणातलीही पुष्कळ घरे होती. २०१५ मध्ये येमेनमधून भारतीयांबरोबर इतर देशांच्या नागरिकांनाही बाहेर काढले. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफ भागातील आगीत ४५ भारतीय कामगार मरण पावले तेव्हा दोनच दिवसांत हवाई दलाचे विमान त्यांचे पार्थिव घेऊन कोचीला उतरले. या कामगिरीचा मला अभिमान आहे. परंतु सेवेचे मोजमाप मी अशा प्रसंगांवरून करणार नाही. ज्या माणसाची बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाही, त्याच्या अर्जाला किती दिवसांत आणि कोणत्या शब्दांत उत्तर मिळाले, त्यावरून करीन.

आणि तिथे माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. मंडणगडकडच्या एका आईचा मुलगा आखातात बेपत्ता झाला होता. ती एक दिवस छापील कागद घेऊन आली आणि म्हणाली, “भाऊ, तिकडून इंग्लिश पत्र आलाय, पोराचा काय लिवलाय तेवढा सांगा.” पत्रात एकच वाक्य होते: प्रकरण संबंधितांकडे उपस्थित करण्यात आले आहे. पुढच्या पत्रातही तेच वाक्य, त्याच्या पुढच्यातही तेच. दूतावासाचे नाव इथे देणे योग्य नाही, कारण हे वाक्य अनेक कार्यालयांत चालते. मी स्वतः नोकरीत असताना त्या वाक्याच्या मागे कधी पाच इस्पितळांची आणि तीन पोलीस ठाण्यांची पायपीट असलेली पाहिली आहे, आणि कधी काहीच नसलेलेही पाहिले आहे. वाचणाऱ्या आईला त्यातला फरक कळण्याचा मार्ग नाही. कोणत्या तारखेला कोणत्या कार्यालयात विचारले, काय उत्तर मिळाले आणि पुन्हा कधी विचारणार, ही तीन वाक्ये मराठीत किंवा निदान हिंदीत लिहिण्यासाठी वेगळा निधी लागत नाही. तसेच रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत परदेशातल्या नागरिकांच्या प्रकरणांसाठी नाव आणि दूरध्वनी जाहीर असलेला एकेक माणूस बसला, तर वारस दाखल्यापासून संमतिपत्रापर्यंतची निम्मी वणवण वाचेल.

तक्रार नोंदवण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे पोर्टल फेब्रुवारी २०१५ पासून आहे, आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा निःशुल्क क्रमांक आहे. पोर्टलचा मोठा लाभ हा की तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती दूतावास व मंत्रालय या दोघांनाही दिसते. केवळ फोनवर किंवा नेत्याच्या चिठ्ठीवर विसंबून न राहता हा क्रमांक घ्यावाच. तक्रारीत पासपोर्ट क्रमांक, तिकडचा ओळखपत्र क्रमांक, मालकाचे किंवा कंपनीचे नाव आणि दूरध्वनी, शेवटचे बोलणे झाल्याची तारीख आणि मागणी एका वाक्यात लिहावी. “माझ्या मुलाला न्याय द्या” असे लिहिलेल्या अर्जावर अधिकाऱ्याला पहिले पाऊल टाकता येत नाही. “अमुक इस्पितळात दाखल आहे, प्रकृती कळवा” या अर्जावर तो त्याच दुपारी फोन करू शकतो.

शेवटी किमतीविषयी. पासपोर्ट, साक्षांकन अशा कामांना ठरलेले शुल्क आहे, आणि त्याबरोबर कल्याण निधीसाठी अल्पशी रक्कम घेतली जाते. अडचणीतल्या नागरिकाची तक्रार ऐकणे, तुरुंगभेट, कामगार खात्याशी पत्रव्यवहार, मृत्यूनंतरचा पाठपुरावा यांना पैसे लागत नाहीत. तरीही दूतावासात ओळख आहे असे सांगून पार्थिव लवकर आणण्यासाठी किंवा माणूस सोडवण्यासाठी कुटुंबांकडून हजारो रुपये घेणारे लोक मुंबईत आणि आपल्या तालुक्यांतही आहेत. नोंदणीकृत भरती एजंटसुद्धा कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील करापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. यापेक्षा जास्त मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत, आणि त्याची लेखी तक्रार मुंबईतल्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाकडे करावी.